सामानगडाचा तट कोणी पाडला?

प्रश्न : गेल्या महिन्यात मुलांना घेऊन सामानगड पाहिला. जांभ्यात खोदलेली सात कमान विहीर अजून शाबूत आहे, तट मात्र जागोजागी ढासळलाय. हे ऊन-पावसानं झालं की लढाईनं? खालच्या गावातले एक आजोबा ‘आम्ही गडकरी’ म्हणाले. म्हणजे नेमकं कोण?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : त्या आजोबांना भेटलात हे फार चांगलं केलंत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच शब्दात आहे.

गडकरी म्हणजे गडाची पिढीजात शिबंदी, गड राखणारी फौज. राखणीच्या बदल्यात त्यांना पगाराऐवजी गडाखालची जमीन इनाम असे. तिचा कारभारही गडावरूनच चाले. १८३८ मध्ये कोल्हापूरचे छत्रपती शहाजी महाराज वारले, गादीवर अल्पवयीन बाबासाहेब महाराज आले आणि कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती गेला. या नव्या व्यवस्थेत गडाच्या जमिनी मामलेदाराकडे सोपवायचं ठरलं. आज जमीन मामलेदाराकडे, उद्या सरकारजमा, ही धास्ती गडकऱ्यांनी घेतली. माझ्या मते ती अगदी रास्त होती. १८४४ च्या पावसाळ्यात सामानगडानं दरवाजे लावून घेतले. भुदरगड पाठोपाठ उठला, मग पन्हाळा.

१३ ऑक्टोबरला इंग्रजांनी सामानगड घेतला, १ डिसेंबरला पन्हाळा. पुढचं वाचताना मला अजूनही कळ येते. संस्थानातले किल्ले निकामी करायचे आणि पिढीजात शिबंदी कायमची मोडायची, असा हुकूम झाला. बंड मोडण्याचा खर्चसुद्धा कोल्हापूरच्याच माथी मारला. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्याच वेळी जमीनदोस्त झाला. तीन दरवाजा वाचला म्हणून आपण आज पाहतो. म्हणजे ऊन-पावसानं आणि झाडांच्या मुळांनी पुढं भर घातली, पण पहिला घाव माणसाचा, तोही लढाई संपल्यावर, ठरवून घातलेला. शिलाहारांपासूनचा वारसा सांगणारे हे गड. शाळेच्या सहलीत आम्हाला पन्हाळ्यावर बाजीप्रभू, सिद्दी जौहर, १६६० चा वेढा सगळं सांगितलं गेलं, १८४४ चं एक अक्षर नाही.

आता एक काम करा. पुन्हा गडाखालच्या गावात जा आणि आजोबांकडे इनामाचे जुने मोडी कागद आहेत का, विचारा. असतील तर त्यांच्या परवानगीनं फोटो काढा आणि इथल्या पुरालेखागारात दाखवा. मूळ कागद मात्र घरातून हलवू देऊ नका.