लष्करी उठावानंतरच्या निर्बंधांनी सरकार बदलतं का? जळगावच्या डाळ मिलमधून उत्तर

तुमचा प्रश्न असा: एखाद्या देशात लष्कराने सत्ता बळकावली की अमेरिका-युरोप निर्बंध जाहीर करतात, त्याने ते सरकार खरंच बदलतं का, की सगळा देखावा असतो आणि मार गरिबालाच बसतो?

मी राज्यशास्त्र शिकलेलो नाही. जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलची खरेदी बघतो, बावीस वर्षं झाली. पण तुमच्या प्रश्नातला एक देश माझ्या रोजच्या हिशेबात आहे. भारतात बाहेरून येणारा उडीद जवळजवळ सगळा म्यानमारचा. बाजारात अजून कोणी म्यानमार म्हणत नाही, बर्माच म्हणतात. उडदाचे दोन दर्जे, एफएक्यू (सर्वसाधारण) आणि एसक्यू (खास), आणि तिकडच्या तुरीला म्हणायचं लेमन. तेव्हा मी बर्माबद्दलच जास्त बोलणार.

१ फेब्रुवारी २०२१, सोमवार. आपल्याकडे बजेटचा दिवस. आयात शुल्काचं काय होतंय म्हणून ऑफिसातला टीव्ही सकाळीच लावलेला. अर्थमंत्री उभ्या राहायच्या आधीच मुंबईच्या दलालाचा मेसेज आला, ‘रंगूनला कोणाचाच फोन लागत नाहीये.’ आम्हाला वाटलं केबल तुटली असेल. दुपारपर्यंत कळलं की फोन आणि इंटरनेट तोडलेत, बँका बंद आहेत आणि टीव्हीवर लष्कराचंच चॅनेल चालू आहे. शेठजी बजेट विसरले. त्यांचा एकच प्रश्न, ‘जहाजावर चढलेला माल आपला की त्यांचा?’

तिकडे झालं होतं ते थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आँग सान स्यू की यांच्या पक्षाला ४७६ पैकी ३९६ जागा मिळाल्या, लष्कराच्या बाजूच्या पक्षाला ३३. मतदार याद्यांत घोळ आहे असं लष्कराने लावून धरलं, आणि नवी संसद ज्या दिवशी बसायची त्याच पहाटे स्यू की आणि राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट यांना उचललं. पण कागद बघाल तर सगळं नियमात. लष्कराच्या कोट्यातले उपराष्ट्राध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आणीबाणी पुकारली आणि कारभार सरसेनापती मिन आंग लाइंग यांच्या हाती दिला. २००८ च्या घटनेनुसार संसदेच्या २५ टक्के जागा आणि गृह, संरक्षण, सीमा ही तीन खाती आधीपासूनच लष्कराकडे होती. घराची एक किल्ली त्यांच्या खिशात होतीच, त्या पहाटे फक्त बाकीच्यांना बाहेर काढलं.

आता निर्बंध. डाळीवर कोणीही निर्बंध लावले नव्हते, आजही नाहीत. हल्लीचे निर्बंध सगळ्या देशावर नसतात, नावं घेऊन लावतात. फेब्रुवारी २०२१ मध्येच अमेरिकेने सेनाधिकाऱ्यांची नावं यादीत टाकली आणि अमेरिकेत पडून असलेल्या म्यानमारच्या सुमारे १ अब्ज डॉलरना त्यांना हात लावू दिला नाही. २५ मार्चला अमेरिकेने लष्कराच्या दोन बड्या कंपन्या यादीत घेतल्या, एमईएचएल आणि एमईसी. ब्रिटनने एमईएचएल त्याच दिवशी घेतली, एमईसी १ एप्रिलला. बियर, सिगारेट, माणिक, खाणी, मोबाईल, बंदराचे धक्के, कशात म्हणून त्यांचा हात नाही असं नाही. एप्रिलमध्येच युरोपने दोन्ही घेतल्या. २०२२ च्या फेब्रुवारीत युरोपने सरकारी तेल-वायू कंपनीवर निर्बंध लावले. परकीय चलनाचा व्यवहार ज्यांच्यातून चालतो त्या दोन सरकारी बँकांवर अमेरिकेने हात घातला तो जून २०२३ मध्ये. पहिल्या घोषणेपासून २८ महिन्यांनी. एवढ्या वेळात आमच्याकडचा साधा आडत्यासुद्धा चार नव्या नावांनी फर्म काढून बसतो, ते तर सेनापती.

याची झळ उडदापर्यंत कशी आली ते सांगतो. व्यवहार कोणत्याही दोन देशांतला असो, डॉलर म्हटला की तो अमेरिकेतल्या बँकेतून फिरून जातो. तिथला कारकून यादी समोर ठेवून बसलेला असतो. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या एका आयातदाराचं पेमेंट असंच अडकलं. बँकेने विचारलं, माल रंगूनच्या कोणत्या धक्क्यावरून चढला? धक्का कोणाच्या मालकीचा? कारण काही धक्के त्या दोन लष्करी कंपन्यांचे. इकडे कंटेनर न्हावा शेवाला उभा, त्याचं भाडं रोज चढतंय, आणि मिलमध्ये दोन शिफ्टची माणसं बसून. नऊ दिवसांनी माल सुटून आला तेव्हा मी स्वतः पोत्यात सळई खुपसून थाळीत नमुना घेतला. दाणा एकसारखा, काळा तुळतुळीत, ओल बेताची. दाताखाली धरला की कट्कन मोडणारा. यात सेनापती कुठे शोधायचा?

तेव्हापासून धक्क्याचा दाखला, जहाजाचा दाखला, मूळ मालकाचा दाखला असा गठ्ठा लागतो. बिल बहुधा सिंगापूरच्या कंपनीचं असतं. पूर्वीही असायचं, आता मध्ये आणखी एखादी कंपनी आली. प्रत्येक हाताला काहीतरी चिकटतंच.

मार कोणाला बसतो या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र जरा वेगळं आहे. उठावाच्या आधी एका डॉलरला साधारण १,३३० क्यात (तिकडचं चलन) मिळायचे. २०२२ मध्ये लष्करी सरकारने दर २,१०० वर बांधून टाकला, आणि हुकूम काढला की निर्यातदाराने कमावलेल्या डॉलरपैकी ६५ टक्के याच सरकारी दराने वटवायचे. (हे प्रमाण पुढे टप्प्याटप्प्याने कमी केलं.) २०२३ च्या अखेरीस खुल्या बाजारात डॉलर ३,००० क्यातच्या वर गेला होता. मधला फरक सरकारच्या तिजोरीत. निर्यातदार काय तो खिशातून भरणार आहे? तो सगाईंग नि मॅग्वेच्या शेतकऱ्याचा भाव तेवढा पाडतो. आणि हा तोच कोरडवाहू पट्टा आहे जिथे लढाई सगळ्यात जास्त पेटली, गावं जळाली. म्हणून ‘निर्बंधांनी गरीब मेला’ असं कोणी म्हटलं की मी विचारतो, त्याच्या डॉलरवर पहिला डल्ला कोणी मारला ते आधी सांगा.

निर्बंधांनी काहीच झालं नाही असंही म्हणता येत नाही. टोटल आणि शेव्हरॉन या तेल कंपन्यांनी जानेवारी २०२२ मध्ये बाहेर पडणार म्हणून जाहीर केलं. आपल्या अदानी पोर्ट्सचं रंगूनला टर्मिनल उभं राहत होतं, जमीन त्या एमईसीची. ते त्यांनी मे २०२३ मध्ये ३ कोटी डॉलरला विकून टाकलं, घातलेल्या पैशापेक्षा पुष्कळ खाली. पण वायू? तो नळीतून थायलंडला जात होता तसाच जात राहिला. शस्त्रांचं तर फारच बोलकं आहे. संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये हिशेब मांडला की उठावानंतर किमान १ अब्ज डॉलरची शस्त्रं आणि त्यांचं सामान तिकडे गेलंय. सर्वांत वर रशिया, मग चीन, मग सिंगापूरमधल्या कंपन्या. यादीत भारतही होता. सिंगापूरने मनावर घेतलं आणि वर्षभरात तिथून जाणारा माल ११ कोटी डॉलरवरून १ कोटीच्या आसपास आला. खरोखर मोठं काम. पण त्याच वर्षी थायलंडमधल्या कंपन्यांकडून जाणारा माल दुप्पट झाला. बांध एकीकडे घातला की पाणी दुसऱ्या चारीने जातं, हे आमच्या रावेर-यावलच्या केळीवाल्याला शिकवावं लागत नाही.

मग निर्बंधांनी लष्करी सरकार कुठेच गेलं नाही का? गेलं, पण सोबत बंदूक होती. हैतीत सप्टेंबर १९९१ मध्ये उठाव झाला, व्यापारबंदी झाली, लोक उपाशी राहिले, आणि अध्यक्ष आरिस्तीद परतले ते ऑक्टोबर १९९४ मध्ये, अमेरिकन सैन्य उतरल्यावर. सिएरा लिओनमध्ये १९९७ च्या उठावानंतर निर्बंध लागले, पण सरकार परत बसवलं ते पुढच्या वर्षी, नायजेरियाच्या पुढाकाराखालच्या फौजेने. उलट २०२३ च्या उठावानंतर नायजरला पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या संघटनेने सगळ्या बाजूंनी आवळलं. सीमा बंद, बँक व्यवहार बंद, नायजेरियाने वीजसुद्धा तोडली. सात महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, बहुतेक निर्बंध मागे घ्यावे लागले, आणि नायजर, माली, बुर्किना फासो हे तिघे जानेवारी २०२५ मध्ये संघटनाच सोडून गेले.

आणि आपला शेजारी कसा विसराल? ऑक्टोबर १९९९ मध्ये मुशर्रफ आले. राष्ट्रकुलाने पाकिस्तानला निलंबित केलं, अणुचाचणीचे जुने निर्बंध होतेच, त्यात अमेरिकेच्या कायद्याने उठावावरचे नवे जोडले गेले. सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे पडले आणि काही आठवड्यांत अमेरिकेचे निर्बंध माफ. मुशर्रफ साहेबांत काही बदल झाला नव्हता, अमेरिकेची गरज बदलली. इजिप्तमध्ये २०१३ ला तर अमेरिकेने ‘उठाव’ हा शब्दच तोंडातून काढला नाही, कारण काढला असता तर कायद्याने मदत थांबवावी लागली असती. म्हणून निर्बंधांची बातमी आली की मी पहिल्यांदा नकाशा बघतो. शेजारी कोण, आणि त्यांना त्या देशाचं काय लागतं? बर्माला चीनची सीमा आहे, थायलंडची आहे, आणि आपली.

आपलं सांगायचं तर भारत जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आणि डिसेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेत, दोन्ही वेळा तटस्थ राहिला. ईशान्येची सीमा, चीन, ही कारणं वर्तमानपत्रात येतात आणि ती खरीही आहेत. पण मला दिसलेला कागद वेगळा आहे. जून २०२१ मध्ये, उठावाला पाच महिने होत नाहीत तोच, म्यानमारशी करार झाला. दरवर्षी अडीच लाख टन उडीद, एक लाख टन तूर, पाच वर्षं. जानेवारी २०२४ पासून डॉलरची भानगडच नको म्हणून रुपया-क्यात अशी थेट सोय झाली, पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून. अमेरिकेतल्या बँकेचा कारकून मधून हटला. इडली-डोसा आणि पापड खाणाऱ्या देशाला उडीद लागतो. त्याच्यावर माझा पगार आहे, तेव्हा मी याला नावं ठेवायला बसलो तर ते ढोंग होईल. पण ती सोय झाली त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, तेव्हा माझ्या घशाखाली तो उतरला नाही हेही खरं.

यात आमच्या खान्देशचा शेतकरी कुठे? त्याचा उडीद निघतो पोळा-गणपतीच्या सुमारास. मे २०२१ मध्ये केंद्राने तूर, मूग, उडदाची आयात खुली केली, पेरणीच्या तोंडावर. अमळनेरकडचे एक बाबा दरवर्षी स्वतः ट्रॅक्टरवर बसून माल घेऊन येतात. त्या साली वजनकाट्यापाशी मी त्यांना भाव सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तठे मिलिटरी बसनी, आठे आमना भाव बसना.” त्यांच्या पाच पोत्यांतलं एक मी घरी घेतलं. कळण्याच्या भाकरीला मला बर्माचा उडीद चालत नाही, ज्वारीशी त्याचं जमत नाही. हे माझं खूळ, मोगर (सालं काढलेली डाळ) करायला बर्माचाच उडीद सरस आहे.

सरकार बदललं का, हा तुमचा मूळ प्रश्न राहिला. बदललं की, कितीदा तरी. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘प्रशासन परिषद’ आली. ऑगस्टमध्ये तिचं ‘काळजीवाहू सरकार’ झालं, मिन आंग लाइंग पंतप्रधान. एक वर्षाची म्हणून लावलेली आणीबाणी साडेचार वर्षं वाढत गेली. ३१ जुलै २०२५ ला ती उठवली, परिषद बरखास्त केली आणि नवा आयोग आणला, त्याच्याही डोक्यावर तेच गृहस्थ. त्याच महिन्यात अमेरिकेने काही माणसं आणि कंपन्या यादीतून काढूनही टाकल्या होत्या. २८ डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने मतदान घेतलं, पण स्यू की यांचा पक्ष २०२३ मध्येच रद्द केलेला असल्यामुळे तो रिंगणात नव्हताच.

अमळनेरचे बाबा अजून येतात. काट्यावर ट्रॉली चढवायच्या आधी विचारतात, “भाऊ, बर्मानी काय खबर?” त्यांना निवडणुकीचं ऐकायचं नसतं. किती कंटेनर निघालेत ते मी सांगतो.