उत्तर: फाळक्यांचे चमत्कार कॅमेऱ्याच्या आतच घडत होते

दादासाहेब फाळक्यांच्या मूकपटांत देव प्रकट होतात, माणसे अंतर्धान पावतात, कंसाचे मुंडके धडावेगळे होऊन वर जाते. संगणक नसताना हे सारे कसे केले, आणि आज हास्यास्पद वाटणारी ही दृश्ये तेव्हाच्या प्रेक्षकांना खरी कशी वाटली, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाविषयी मी सविस्तर लिहितो, कारण त्या कामाचे धाकटे भावंड म्हणावे असे काम मी घरात पाहत वाढलो. ही दृश्ये हास्यास्पद आहेत, हे मात्र मला मुळीच मान्य नाही.

माणूस एकाएकी नाहीसा करायचा असेल, तर कॅमेरा चालवणारा दांडा फिरवणे थांबवायचे, बाकीच्या नटांनी आहेत तसे स्तब्ध राहायचे, एकाने चौकटीबाहेर जायचे आणि चित्रण पुन्हा सुरू करायचे. एडिसनच्या कंपनीने १८९५ मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद असाच दाखवला, आणि पॅरिसचा जादूगार जॉर्ज मेलिएस याने पुढच्याच वर्षापासून याच युक्तीवर आपले अर्धे साम्राज्य उभारले. ऐकायला हे सोपे वाटते. पण हाताने फिरवायचा कॅमेरा थांबताना आणि सुरू होताना त्याची गती कमी असते, त्यामुळे तेवढ्या चौकटींवर, म्हणजे फिल्मवरच्या एकेका चित्रावर, जास्त प्रकाश पडून त्या पांढुरक्या होतात. त्या कापून फिल्म नेमक्या जागी जोडावी लागते. मेलिएसच्या उरलेल्या फिल्म तपासल्या असता अशा अदलाबदलींच्या जागी जोड सापडले आहेत.

दुसरी युक्ती दुहेरी चित्रणाची. काळ्या पार्श्वभूमीवर चित्रण केले की फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो; मग फिल्म मागे गुंडाळून त्याच फिल्मवर दुसरे दृश्य घ्यायचे. मुंडके हवेत तरंगवायचे असेल, तर नटाचे धड काळ्या कापडाने झाकून फक्त चेहऱ्यावर प्रकाश टाकायचा, ही त्या काळची रीत होती. त्या कॅमेऱ्यांच्या दांड्याच्या एका फेऱ्यात साधारण आठ चौकटी जात आणि सेकंदाला दोन फेरे द्यावे लागत, म्हणून फेरे मोजण्यावर सगळा खेळ अवलंबून असे.

माझ्या वडिलांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. जत्रेच्या दिवसांत 'डबल रोल' फोटोसाठी रांग लागत असे: एकच माणूस एका बाजूला खुर्चीत बसलेला आणि दुसऱ्या बाजूला स्वतःलाच चहा देत असलेला. वडिलांनी काळ्या पुठ्ठ्याचे एक झाकण केले होते, जे लेन्सचा अर्धा भाग झाकत असे. आधी डावा अर्धा उघडा ठेवून फोटो घ्यायचा, मग फिल्म पुढे न सरकवता झाकण फिरवून उजवा घ्यायचा. या दोन अर्धांचा सांधा पडद्यावर रंगवलेल्या खांबाच्या कडेवर आला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता, कारण तिथे रेघ दिसली तरी ती खांबाचीच वाटते. तिपाईला कुणाचा धक्का लागला, अथवा मध्येच दिव्याचा दाब कमी झाला, की दोन अर्ध्यांच्या उजेडात फरक पडे आणि गिऱ्हाईक फोटो परत करी. तो अर्ध्या मिलिमीटरचा सांधा जुळवण्यासाठी श्वास रोखून उभे असलेले वडील मी पाहिले आहेत, म्हणून या कामाला कुणी बाळबोध म्हटले की मला ते सहन होत नाही.

पुढे एका चित्रपट रसास्वाद शिबिरात 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) मधील कंसाचे ते दृश्य दाखवण्यात आले. व्याख्याते हसले, त्यांच्यामागोमाग सभागृह हसले, आणि "भोळ्या प्रेक्षकांसाठी केलेली भाबडी करामत" असा शेरा मारून ते पुढच्या विषयाकडे वळले. मी उभा राहून विचारले की, हे चित्रण एकाच निगेटिव्हवर कसे झाले असेल, ते आपण सांगू शकाल का. त्यांनी उत्तर दिले की तांत्रिक तपशील हा आपला विषय नाही. तांत्रिक तपशील ठाऊक नसेल, तर त्या दृश्यावर हसण्याचा अधिकार कुठून आला, हे मला आजतागायत कळलेले नाही.

फाळके भाबडे मुळीच नव्हते. त्यांनी जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला, छपाईचा व्यवसाय केला आणि 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली आणि ती फिल्म दाखवून भांडवल उभे केले. भारतात कथापट उभा राहण्याआधीचा हा कॅमेऱ्याचा चमत्कार होता, आणि त्यात देव कुठेच नव्हता. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला भोके पाडत आणि दिवसा उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवत. ऊन सरकते, ढग येतो, सावली हलते. अशा उजेडात दुहेरी चित्रण जुळवणे ही वडिलांच्या दिव्याखालच्या कामापेक्षा कितीतरी कठीण गोष्ट होती.

लोकांना ते खरे कसे वाटले, याविषयी थोडक्यात सांगतो. 'लंका दहन' (१९१७) पाहायला आलेल्यांना हनुमान उडतो हे आधीपासून माहीत होते. ते खरेखोटेपणा तपासायला आले नव्हते, कीर्तनात ऐकलेले डोळ्यांनी पाहायला आले होते. यात फसवणूक कुठे येते?

या युक्त्या फाळक्यांनी शोधलेल्या नव्हत्या, हेही नमूद केले पाहिजे; मेलिएसचा चंद्रप्रवास १९०२ मध्येच पडद्यावर आला होता. शिवाय त्यांच्या बऱ्याच चित्रपटांचे आता तुकडेच उरले आहेत, त्यामुळे सरसकट निवाडा कुणीच देऊ नये. 'कालिया मर्दन' (१९१९) बराचसा उपलब्ध आहे. तो पाहताना बालकृष्ण झालेल्या, फाळक्यांच्या मुलीवरची, म्हणजे मंदाकिनीवरची, नजर क्षणभर काढून चौकटीच्या कडांकडे लक्ष द्या, म्हणजे कॅमेरा किती स्थिर ठेवला आहे ते कळेल.

आणि विद्यार्थ्यांना हे दाखवणार असाल, तर आधी तिपाई, काळे कापड आणि फिल्मचा कॅमेरा घेऊन एक तरी दुहेरी चित्र स्वतः घ्या. ज्यांनी ते घेतलेले नाही, त्यांनी कंसाचे दृश्य वर्गात दाखवूच नये, असे माझे मत त्या शिबिरातही होते आणि आजही आहे.