आयर्लंडमध्ये मुलांसह कुठे राहावं? पबमधलं पारंपरिक संगीत ऐकता येईल का?

डब्लिनला दोन रात्री पुरेत, त्याही टेंपल बार भागात नकोत. महाग आणि रात्रभर गोंगाट. मग थेट पश्चिमेला क्लेअर परगण्यातलं डूलिन गाव गाठा. तिथे घरगुती 'बी अँड बी'त (बेड अँड ब्रेकफास्ट, म्हणजे घरातच पाहुण्यांसाठी खोल्या) राहा, नाश्ता भाड्यातच असतो. (शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर ताटात सॉसेज आलंच!) २१४ मीटर उंचीचे मोहेरचे कडे जवळच आहेत.

संगीत ऐकता येईल, पण अडचण वेळेची. पबमधली 'सेशन', म्हणजे वादकांची अनौपचारिक मैफल, बरेचदा रात्री नऊनंतरच सुरू होते आणि कायद्याने लहान मुलांना ९ नंतर तिथे थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर ही मर्यादा १० असते. म्हणून उन्हाळ्यातच जा. वादक स्वतःसाठीच वाजवत असतात, फर्माईश नको.

आणि हो, युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकच असलेला शेंगेन व्हिसा आयर्लंडमध्ये चालत नाही.