मुलाचा अँटेनाचा नाद सोडवायचा कसा?

पत्र थोडक्यात असं: कोल्हापूरच्या उद्यमनगरात स्प्रिंगचा कारखाना, मुलगा बारावी सायन्सला, अकरावीला ६८ टक्के, त्याला कॉम्प्युटरला घालायचंय, पण तो रात्री ओळखीच्या हॅमकाकांच्या (हॅम म्हणजे लायसन्स घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारे) वॉकीटॉकीसाठी तार गुंडाळून अँटेना करत बसतो म्हणून तुम्ही सोल्डरिंग गन आणि मीटर कपाटात कुलूपबंद केलंय.

६८ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, कुलपाचं वाटलं. तुम्हीच लिहिलंय की दिवाळीपासून पोरगं तुमच्याबरोबर जेवायला बसत नाही, काय हवं ते आईकरवी सांगतं. आणि तरी तुम्ही मला ब्रँच विचारताय! अहो, ऐन बारावीत मुलानं वडिलांशी बोलणं टाकलं तर ते कुठल्या क्लासनं भरून निघणार आहे? आधी सामान परत द्या, आणि 'इतके मार्क पाड मग देतो' असला सौदा अजिबात नको. अभ्यासाच्या वेळा दोघांनी बसून ठरवा, ते चालेल.

खरं नवल म्हणजे तो करतोय ते तुमचंच काम आहे. हॅमच्या १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची सरळ अँटेना साधारण अर्धा मीटर होते, हातातल्या सेटवर ती अडचणीची म्हणून तार गुंडाळून वीतभर करतात. किती जाडीच्या रॉडवर गुंडाळायची, पिच म्हणजे दोन वेढ्यांतलं अंतर किती, रॉडवरून काढली की तार उघडून व्यास किती वाढतो हे तुमच्या हातात बसलंय, त्याला ते अजून चुकत-माकत शोधावं लागतंय, कारण एखादा वेढा कमीजास्त झाला तरी फ्रिक्वेन्सी सरकते. शिवाय एवढ्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या वरच्या काही मायक्रॉनमधूनच वाहतो, तिथं नुसतं स्टील असेल तर पॉवर गरम होण्यात जाते, म्हणून वर तांब्याचं प्लेटिंग हवं. प्लेटिंगवाले तुमच्या ओळखीत असतीलच की.

आता एक त्याच्यासाठी. एसडब्ल्यूआर म्हणजे सेटनं पाठवलेली पॉवर किती परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच परत नाही. 'एसडब्ल्यूआर १.२ आला म्हणजे अँटेना एक नंबर, आता विकायला काढू' असं तो म्हणतो ते चूक आहे. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे पॉवर नुसती जिरवणारा रेझिस्टर, लावला तर एसडब्ल्यूआर जवळपास १ येतो आणि हवेत जवळपास काहीच जात नाही. पॉवर सेटकडे परत येत नाही एवढंच त्यातून कळतं, ती बाहेर गेली की तारेतच जिरली हे कळत नाही. अँटेना आखूड केली की रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर हवेत सोडण्याशी जोडलेला रेझिस्टन्स) उतरतो आणि जिरणाऱ्या पॉवरचा वाटा वाढतो. त्यात सेटची बॉडी आणि धरणारा हात हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो, त्यामुळे टेबलावर केबल लावून घेतलेलं रीडिंग हातात टिकत नाही. तेव्हा मुला, काकांना एकदा ही गुंडाळलेली आणि एकदा अर्ध्या मीटरची सरळ अँटेना लावून एकाच जागेवरून बोलायला सांग, लांबच्या हॅमकडं सिग्नल किती पडतो ते विचार आणि मग विकायचं बोल.

सीईटी द्यायचीच आहे, पसंतीच्या यादीत ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) वरच्या नंबरला टाका. आरएफमध्ये, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या कामात, नोकऱ्या कॉम्प्युटरइतक्या नाहीत, बऱ्याचदा एम.टेक.ही लागतं, गणित तर घासावंच लागेल, हे त्याला आत्ताच सांगा. पण मोबाईल असो की गाडीची रिमोट चावी, आतली अँटेना कुणीतरी डिझाइन केलेलीच असते.

आणि लायसन्स नसताना त्यानं स्वतः सेटवर बोलायचं नाही, ते बेकायदेशीर आहे. दूरसंचार विभागाची हॅमची परीक्षा १२ वर्षांपासून देता येते, रिस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडला मोर्स कोडही (टिंब-रेघांची लिपी) लागत नाही. बारावीचा शेवटचा पेपर झाला की त्याचा फॉर्म भरा, आणि बरोबर तुम्ही जा.