कावळा शिवला तेव्हा मी तिथे नव्हतो

न्यू जर्सीहून एका वाचकाने लिहिलंय: बाबा अचानक गेले. तिकीट मिळेपर्यंत शिवाजी पार्कच्या स्मशानात सगळं उरकलं होतं. मी व्हॉट्सॲपवर पाहिलं. भावाचा हात थरथरत होता, अर्धा वेळ नुसतं छतच दिसलं. दोन महिने झाले, डोळ्यांतून टिपूस नाही. मी कोडगा झालोय का?

नाही हो. तुम्ही दादरला असतात तर काय झालं असतं, बघा. दहा दिवस दार सताड उघडं. शेजारून पिठलं-भात. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, ‘कसं झालं हो एकाएकी?’ आणि आई पुन्हा पहिल्यापासून सांगते: पहाटे उठले, पाणी मागितलं... तिसऱ्या दिवशी तिथेच तिला हुंदका फुटतो. नवव्या दिवशी त्याच गोष्टीत बाबांची एखादी खोड शिरते आणि ती चक्क हसते. मला लहानपणी त्या चौकशांचा राग यायचा. आता कळतं, सांगून सांगूनच ते पचतं. तुम्हाला कोणी विचारलंच नाही. एखाद्या रविवारी दोन-तीन मराठी घरांना बोलवा, फोटो ठेवा आणि पहिल्यापासून सांगा.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना, की कोणीतरी हात जोडून म्हणतं, ‘आईची काळजी करू नका, आम्ही आहोत.’ श्रद्धा असो-नसो, घशात अडकलेलं तिथे मोठ्याने बोललं जातं. (नाहीच आला तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात, शास्त्र आपल्याइतकं हट्टी नाही.) तुमचं ते वाक्य राहिलंय. गाडीत एकटे असताना म्हणा, मराठीतच.

झोप उडाली, कामात लक्षच लागेना, तर मात्र डॉक्टरांकडे जा. फारच असह्य झालं तर तिकडे ९८८ ही मानसिक आधाराची हेल्पलाइन आहे. आईसाठी इथे तशीच सरकारी टेली-मानस, १४४१६.

आईला ‘इकडेच ये’ म्हणून घाई करू नका. तेराव्यानंतर घर रिकामं होतं, फोन तेव्हा हवा. उन्हाळ्यात तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिचे सकाळचे सात, बाबांच्या चहाची वेळ. ‘जेवलीस का’ विचारून फोन ठेवू नका. स्पीकरवर ठेवायला सांगा, तिला चहा गाळू दे. दोघंही गप्प बसलात तरी चालेल.