शिडीखालचा तांबडा डाग

अरे, स्विमिंग पूलच्या शिडीखाली तांबडा डाग पडला म्हणून लगेच ॲसिड कशाला? आधी ती बाटली बाजूला ठेव. मेडिकलमधून व्हिटॅमिन सीची साधी गोळी आण आणि डागावर अर्धा मिनिट दाबून धर. डाग फिका पडला की समज, लोखंडच आहे. गंगापूर रोडच्या आमच्या पूलमध्ये मी हे न बघता क्लोरीनचा मारा केला. डाग आणखी गडद झाला, बायकोचे टोमणे वेगळेच!

गंज कुठून येतोय ते मात्र शोध. बरेचदा शिडीचे स्क्रूच निघतात. मीठ घातलेल्या पूलच्या खाऱ्या पाण्यात ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला लवकर गंजाचे टिपके पडतात, ३१६ ग्रेडचं घे. बोअरचं पाणी असेल तर भरण्याआधी त्यातलं लोह तपास. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, ७.२ ते ७.६ ठेव. आणि मिठाची गोणी शिडीपाशी कधीच रिकामी करू नकोस.