बागेतल्या सात दिवसांसाठी

मोर्शी तालुका,
10 जानेवारी 2022

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा काल संध्याकाळी येऊन बसले होते. तू उद्या जर्मनीहून निघतोस, परवा मुंबईला उतरतोस आणि नागपूरमार्गे घरी न येता सात दिवस वेगळे राहण्यासाठी थेट बागेतल्या खोलीवर जाणार आहेस, असे त्यांनी सांगितले. आजीला मधुमेह आहे आणि तिचा कोरोना लसीचा दुसरा डोस मे महिन्यात झाला असल्याने, व्याधी असलेल्या साठीपुढच्या लोकांना आजपासून मिळू लागलेला खबरदारीचा डोस तिला फेब्रुवारीपर्यंत मिळणार नाही. हे सगळे लक्षात घेऊन तू स्वतःहून हा निर्णय घेतलास, याचे मला समाधान वाटले. मात्र बाबा जाताना म्हणाले, "सातच दिवस तर आहेत, गुरुजी, झोपून काढेल." ते मला पटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. हे पत्र ते खोलीच्या कोनाड्यात ठेवतील.

पहिली गोष्ट त्या सात दिवसांच्या हिशेबाची. विमानतळावरची चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे आपण सुटलो, असे मानू नकोस. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात. आताच्या ओमायक्रॉनमध्ये ती साधारण तीन दिवसांत दिसतात असे डॉक्टर सांगत आहेत, तरीही विमानात शेजारच्या आसनावरून तुझ्याकडे जे आले असेल ते उतरताक्षणी घेतलेल्या नमुन्यात दिसणार नाही. म्हणूनच आठव्या दिवशी पुन्हा चाचणी करायची आणि त्यानंतरचे सात दिवसही प्रकृतीवर नजर ठेवायची, असा नियम आहे. आठव्या दिवशीचा अहवाल हाती येईपर्यंत आजीच्या पाया पडायला जाऊ नकोस. ती ओट्यावर येऊन बसेल, निरोपावर निरोप पाठवील, कदाचित रडेलही. तरी जाऊ नकोस.

आता माझ्याविषयी सांगतो, कारण ही गोष्ट मी आजवर गावात कोणाजवळ बोललो नाही.

2020 च्या मार्चमध्ये मी मस्कतहून मुलीकडून परतलो. 17 मार्चला मुंबईत उतरलो तेव्हा डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का मारण्यात आला, त्यावर चौदा दिवसांनंतरची तारीख होती. तुझ्या काकू माहेरी राहिल्या आणि मी आपल्या घराच्या माडीवर एकटा राहू लागलो. पहिले चार दिवस बरे गेले. 22 तारखेला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, सारे गाव ओट्यांवर येऊन थाळ्या वाजवत होते आणि मी खिडकीत उभा होतो. त्याच रात्री माझा घसा धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, फाटकाशी आली. तोंडाला ओढणी बांधलेली, उन्हाने चेहरा तापलेला, हातात रजिस्टर. तिने तिथूनच विचारले, "गुरुजी, ताप? खोकला? घसा?" मी म्हणालो, "काही नाही." तिने माझ्या नावासमोर तीन रकान्यांत तीन वेळा 'नाही' असे लिहिले. तिला बाराखडी मी शिकवली होती. उलटा स्वल्पविराम काढावा तशी तिची वेलांटी तिसरीत होती तशीच आजही आहे, आणि त्या अक्षरात तिने माझे खोटे लिहून घेतले.

मी खोटे का बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मरणाची भीती होतीच, पण ती मोठी नव्हती. रुग्णवाहिका दारात येईल, गल्लीतली दारे लागतील, पुढच्या वर्षी सप्ताहाला पंगतीत बसलो तर शेजारचा माणूस पत्रावळ उचलून सरकेल, या विचाराने जीभ वळली नाही. त्या आधीच्याच दिवशी एका शेजाऱ्याने दूधवाल्याला माझ्या दाराशी न थांबण्याविषयी बजावले होते आणि ते माझ्या कानावर आले होते. दोन रात्री मी झोपलो नाही. दर तासाला कपाळाला हात लावून पाहत होतो, आणि एकट्या माणसाचा हात कपाळाला नेहमी गारच लागतो किंवा नेहमी गरमच लागतो, खरे काय ते त्याला कळत नाही. तिसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे, समोरच्या घरी गुढी उभारण्याची लगबग चालली होती, तेव्हा मी आशाताईला फोन करून सगळे सांगितले. तिने एका शब्दाने मला बोल लावला नाही. मला तालुक्याला नेऊन घशाचा नमुना घेतला, तो नागपूरला गेला, आणि अहवाल निगेटिव्ह आला. मळणी यंत्राच्या गव्हांड्याची धूळ घशात बसली होती, एवढेच निघाले. पण मला नंतर कळले, की ज्या सकाळी तिने माझ्या फाटकाशी उभे राहून तीन वेळा 'नाही' लिहिले, त्या सकाळी माझ्या घरून ती सरळ एका बाळंतिणीकडे गेली होती. अहवाल दुसरा आला असता तर मी काय केले असते, ते मला आजही सुचत नाही.

तेव्हा माझे तुला सर्वांत आग्रहाचे सांगणे हे आहे, की तुला कोणी विचारले तर खरे सांग. तापाविषयी सांग, आणि ताप नसताना जीव घाबरा झाला तर तेही सांग. दुसरे सांगणे पहिल्यापेक्षा अवघड असते, हे मला ठाऊक आहे.

माझे वडील जागलीला, म्हणजे रात्री पिकाच्या राखणीला जात. तुमच्या बागेच्या पलीकडे नाल्याला लागून आमचे वावर होते आणि तुरीच्या दिवसांत रोही (नीलगायी) आणि रानडुकरे कळपाने येत. माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, माणूस एकटाच असे, पण रात्रीतून तीन-चार वेळा तो लांब हाक देई आणि शेजारच्या वावरातला माळा तिला उत्तर देई, मग तिसरा. निरोप असा काहीच नसे. 'मी आहे' एवढेच त्या हाकेत असे. उत्तर आले नाही तर वडील कंदील घेऊन उतरत आणि बांधावरून चालत जाऊन पाहून येत. एकदा असेच गेले तेव्हा शेजारच्या माळ्यावरचा माणूस तापाने फणफणलेला सापडला होता. एकट्याने राहण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिच्यात हाकेची वेळ ठरलेली असते व उत्तर न आल्यास कोणी निघायचे तेही ठरलेले असते. मन करील तेव्हा फोन करू, असे ठरवलेस तर ज्या दिवशी मन खरोखर खचलेले असेल नेमक्या त्याच दिवशी तू फोन करणार नाहीस.

झोपेची तयारी आधीपासून ठेव. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस तुला रात्री दोन-अडीचपर्यंत झोप येणार नाही आणि सकाळी दहा-अकरापर्यंत उठवणार नाही. शरीर रोज साधारण तासभरच सरकते. बागेतली रात्रीची दोनची वेळ वाईट असते. शहरात राहिलेल्या माणसाला त्या शांततेत स्वतःचा श्वाससुद्धा मोठा ऐकू येतो आणि छातीत काही होते आहे असे वाटू लागते. त्या वेळी आकडे मोजू नकोस, बातम्या वाचू नकोस. सकाळी कितीही जड वाटले तरी सातला उठून खोलीबाहेर ये आणि अर्धा तास उन्हात बस. दुपारी आडवा होऊ नकोस. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत झोप मार्गी लागेल.

थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर बाबांनी आणून ठेवला आहे. ताप सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिही. ऑक्सिमीटर लावण्यापूर्वी हात चोळून ऊबदार कर, कारण या थंडीत गारठलेल्या बोटावर आकडा उगाच खाली दाखवतो आणि माणूस घाबरतो. ऊबदार बोटावर दोन-तीनदा पाहूनही तो 94 च्या खाली राहिला, किंवा धाप लागली, तर रात्र असो की पहाट, 108 ला फोन लाव आणि मग बाबांना कळव. साधी शंका असेल तर 104 वर सल्ला मिळतो. आपल्या उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला तू येत असल्याचे मी सांगून ठेवले आहे.

आम्ही 2020 मध्ये भाजी सोड्याच्या पाण्यात धूत होतो आणि नोटा उन्हात वाळवत होतो. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो हे कळायला वेळ लागला. म्हणून डब्याची चिंता फार करू नकोस, साबणाने घासला की पुरे. खिडकीची मात्र कर, ती उघडी ठेव. बाबा भेटायला येतील तेव्हा त्यांना खोलीत घेऊ नकोस. दोघेही मास्क लावून बाहेर, झाडांच्या दोन ओळी सोडून बसा. आई सोल्याची भाजी आणि भाकर रोज पाठवणार आहे, पण माझे ऐकशील तर एक वेळचे तरी स्वतः शिजव. नुसती खिचडी लावलीस तरी तांदूळ निवडण्यात आणि भांडी घासण्यात दीड तास जातो, आणि त्या दीड तासात मन भरकटत नाही.

बागेला सध्या आंबिया बहारासाठी, म्हणजे पुढच्या फुलोऱ्यासाठी, ताण दिलेला आहे; पाणी तोडले आहे. झाडे मलूल दिसतील, पाने वळलेली असतील. कणव येऊन मोटार सुरू करू नकोस; पाणी कधी सोडायचे ते बाबांनी ठरवले आहे.

लोकांविषयी थोडे लिहितो. तू आल्याची बातमी लपणार नाही आणि कोणीतरी म्हणेलच, की हा बाहेरून रोग घेऊन आला. हे ऐकण्यापूर्वीच तू स्वतः सरपंचांना आणि पोलीस पाटलांना फोन करून कुठून आलास, किती दिवस कुठे राहणार आहेस, ते सांगून टाक. दडवलेल्या गोष्टीची चर्चा पारावर महिनाभर चालते, सांगितलेल्या गोष्टीची दोन दिवसांत संपते. लोकांच्या भीतीला मी वाईट म्हणत नाही, मीही भ्यालो होतो. पण अंतर राखणे वेगळे आणि माणूस टाकणे वेगळे, आणि हा फरक आपल्या विदर्भाला तरी कोणी नव्याने शिकवण्याची गरज नसावी. सेवाग्रामला तू माझ्याबरोबर सहलीला आला होतास, तेव्हा मी तुम्हांला एक लहानशी कुटी दाखवली होती. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळच वेगळी कुटी उभारून दिली आणि ते स्वतः जाऊन त्यांच्या अंगाला मालीश करीत. तू तेव्हा विचारले होतेस, की वेगळी कुटी द्यायची होती तर जवळ कशाला? मी त्या वेळी दिलेले उत्तर पुस्तकी होते. माडीवर चौदा दिवस काढायला गेल्यावर मला ते नीट कळले. वेगळी कुटी आजारासाठी होती, आणि जवळ होती ती शास्त्रीजींसाठी.

शुक्रवारी संक्रांत आहे. तुझे मित्र तिळगूळ घेऊन बागेत येतो म्हणतील. त्यांना आठव्या दिवसानंतर या म्हण. आजीसाठी मात्र सकाळी फोन कर, आणि ती तक्रार करील तेवढी ऐकून घे. 2020 च्या मे महिन्यात आपल्याच शाळेच्या टिनाच्या खोल्यांत पुण्या-मुंबईहून पायी आणि ट्रकने परतलेली माणसे चौदा-चौदा दिवस राहिली होती. तेव्हा त्यांच्या बायकामुलांना मैदानाच्या कुंपणाबाहेर डबा ठेवून उभे राहिलेले मी रोज पाहत होतो. बोलणे फारसे होत नसे, पण डबा ठेवून लगेच कोणी परत जात नसे.

हाकेची व्यवस्था बाबांशी बोलून ठरवली आहे. सकाळी आठला आई फोन करील, रात्री नऊला मी करीन. माझा फोन तू उचलला नाहीस तर दहा मिनिटांनी पुन्हा करीन, आणि तेव्हाही उत्तर आले नाही तर बाबा बॅटरी घेऊन निघतील. या आठवड्यात कृषिपंपाची लाईन रात्रपाळीची आहे आणि खोलीची वीज तिच्यावरच असल्याने दिवसा फोन चार्ज होणार नाही. रात्री लाईन आली, की आधी फोन चार्जिंगला लाव आणि मगच चहा ठेव. दारामागच्या बोर्डाचे डावीकडचे बटण सैल आहे, उजवीकडचे वापर.

तुझा,
गुरुजी